तिच्या जागी

चंदनाच्या दोन्ही गुणपत्रिका गोरखने टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि तो नुसताच बघत बसला. मोखाड्याच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा हा गोरख एरवी तोंडाचा पट्टा बंद करेल तर शपथ. चंदनाची आई सकू खुर्ची ओढून टेबलाशी सरकली.

कागदात खोट काहीच नव्हती. बारावीला चंदनाला तिन्ही शास्त्रं मिळून तीनशेपैकी एकशे एकोणतीस. राखीव जागेला एकशे वीस लागतात, म्हणजे अगदी काठावर. आणि डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत, त्या नीटमध्ये, सातशे वीसपैकी पाचशे एकतीस! सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागला होता. सूर्यमाळच्या त्यांच्या पाड्यातून कुणी साधी नर्ससुद्धा झालं नव्हतं. आणि ही सकू आणि जिवाची पोर थेट डॉक्टर व्हायला निघाली होती.

"काकी, राग मानू नका," शेवटी गोरख म्हणाला. "पण बारावीला अशी असलेली पोर नीटला अशी कशी झाली, असं तिकडे विचारतील. हल्ली मोठ्या परीक्षांना एकाच्या जागी दुसराच बसवतात. धरलेत काही जण."

सकूने राग मानला, चांगलाच मानला. घरी येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अहो, पोरीचं गणित सरळ होतं. घरात बोलायची ती पाड्याची बोली, शाळेत मराठी, आणि अकरावीत विज्ञान घेतल्यावर एकदम इंग्रजी. उत्तर डोक्यात तयार असायचं, पण पानभर इंग्रजी लिहायचं म्हटलं की हात थिजायचा. तोंडी परीक्षेत तर दातखीळच बसायची. नीटचा पेपर तिने मराठीत घेतला. त्यात लिहायचं काही नाही, बरोबर उत्तराचा गोल रंगवायचा. वर्षभर घरी बसून तिने जुने पेपर सोडवले, आणि परीक्षेत धडाधड गोल रंगवून आली. यात न कळण्यासारखं काय आहे? पण गरिबाचं खरं नाणंसुद्धा लोक वाजवून बघतात.

'एकाच्या जागी दुसरा' हे शब्द मात्र सकूच्या कानातून जाईनात.

त्याच दिवसांत तिला ताप भरला. आवणीचे, भातलावणीचे दिवस होते. भाताचं रोप हातभर झालेलं, खाचरात पाणी उभं, आणि आवणीला उशीर झाला तर वर्ष हातचं जातं. तिचा नवरा जिवा तहसील कचेरीत पोरीच्या कागदांमागे फिरत होता. मग सकूच्या जागी चंदना उतरली. रोज पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत रोपं उपटायची, चिखलात अंगठ्याने दाबून लावायची. बारा दिवस हेच. सकू घोंगडीत पडून बघायची आणि म्हणायची, पोरी, पुरे कर. पोर म्हणायची, राहिलंच किती?

कॉलेजातून फोन आला तेव्हा शेवटचं खाचर व्हायचं होतं. बाई बोलत होती. मुलीला घेऊन या, मूळ कागदपत्रं आणा, परीक्षेला घेतलेला अंगठा इथे पुन्हा जुळवून बघणार आहोत. शेवटची तारीख परवाची, संध्याकाळी पाचपर्यंत. जिवाने फोन ठेवला आणि तो हसलाच. अंगठा तर देवाने दिलेला, तो काय बदलतो? सकूलाही हायसं वाटलं. कुणी काही बोलो, अंगठा खोटं बोलणार नाही.

मुदतीच्या दिवशी पहाटे मोखाड्याहून जीप धरली तेव्हा जिवा घरीच राहिला, गुरं होती. मायलेकीच निघाल्या. जव्हारच्या अलीकडे चंदनाने फोन काढला. तिचा फोन बोटाने उघडायचा. तिने बोट ठेवलं, पुसून ठेवलं, दुसरं ठेवलं. फोन उघडेना. मग तिने आकडे दाबून तो उघडला आणि हात ओढणीखाली झाकून घेतला.

"काय झालं ग?" सकूने विचारलं. चंदना म्हणाली, काही नाही. जव्हारला त्यांनी एसटी धरली. सकूने बळेच तिचा हात ओढून उलटा केला. अंगठ्याची कातडी सोलवटून गुळगुळीत झाली होती, रेघ म्हणून दिसत नव्हती. परत फिरावं असं सकूला वाटलं, पण परत जाऊन करणार काय? पाच वाजता मुदत संपत होती.

कॉलेजात पोचायला अडीच वाजले आणि नंबर यायला चार. कारकुनाने कागद बघितले, दोन्ही गुणपत्रिका बघितल्या, आणि गोरखसारखाच त्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग त्याने छोटं मशीन पुढे सरकवलं. चंदनाने अंगठा ठेवला. लाल दिवा. हात पुसायला सांगितला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल. कारकून उठून आत गेला आणि प्रवेशाच्या मॅडमना घेऊन आला.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आधी चंदनाचा चेहरा बघितला, मग परीक्षेच्या कागदावरचा फोटो. चेहरा जुळत होता. पण हल्ली फोटोही दोघांचे मिसळून करतात, असं कारकून हळूच म्हणाला. मॅडमनी विचारलं, अंगठ्याला काय झालंय? सकूला वाटलं, आता हिची दातखीळ बसणार. पण पोर बोलली! अडखळत का होईना, मराठीत बोलली. आवणीने वरची कातडी झिजली आहे, खालचा थर शाबूत आहे, रेघा त्या थरावरून पुन्हा जशाच्या तशा वर येतात, साधारण चार आठवडे लागतात.

मॅडमनी मान डोलावली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "पण माझ्याकडे चार आठवडे नाहीत ग. चाळीस मिनिटं आहेत." त्यांनी कोमट पाणी मागवलं, हात धुवायला लावले, दहाही बोटं लावून बघितली. दहाही वेळा लाल.

सकूला राहवेना. रेशनच्या दुकानात असंच मशीन असतं. म्हातारीचा अंगठा लागला नाही की सून लावते, तिचाही नाही लागला की नातू. कार्ड एक, घर एक. घरातल्या कुणाचाही लागला तरी धान्य मिळतं, तिथला नियमच तसा आहे. ती पुढे झाली आणि तिने आपला अंगठा मशीनवर टेकवला.

"माझा घ्या ना, मॅडम. मला ताप व्हता, म्हणून माझ्या जागी ती आवणीला गेली. आता तिच्या जागी मी."

कारकुनाचा पेन थांबला. चंदनाने डोळे मिटून घेतले. मॅडमचा चेहरा दारावर कडी चढावी तसा बंद झाला, आणि आपण काहीतरी भयंकर बोललो हे सकूला कळलं. काय बोललो ते मात्र कळेना.

मग सकूचा जबाब लिहिला गेला. कारकुनाने तो वाचून दाखवला. मुलीचा अंगठा जुळला नाही, तेव्हा मुलीच्या जागी मी अंगठा देते असं मी स्वतःहून म्हणाले आणि तसा दिला. बरोबर?

"बरोबर," सकू म्हणाली. "पण आधीचं? ती माझ्या जागी गेली, ते?"

"ते शेतीचं झालं, मावशी. त्याचा इथे संबंध नाही."

चंदना म्हणाली, "आये, अंगठा लावू नको." मॅडमनी समजावलं की जबाब पुरा नसेल तर कागद चौकशी समितीकडे जाणारच नाही, मग काहीच करता येणार नाही. पाचला दहा मिनिटं होती. सकूने ऐकलेल्या जबाबात मनातल्या मनात खोटा शब्द शोधला. एकही सापडला नाही. तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला.

बारा दिवस घोंगडीत राहिलेला अंगठा. एकूण एक रेघ उठली. कारकुनाने ठशावर फुंकर घातली, कागद फायलीत लावला आणि संगणकात चंदनाच्या नावापुढे काहीतरी टाइप केलं. आता पुढे काय, असं सकूने विचारलं तेव्हा तो सरळपणे म्हणाला, चौकशीला दोनतीन महिने लागतील, तोवर जागा रिकामी दाखवावी लागते.

"पुढच्या फेरीत हिच्या जागी दुसरं कुणीतरी येईल," तो म्हणाला, आणि त्याने पुढच्या मुलाला आत बोलावलं.