पंधरावा परिच्छेद

न्यायमूर्तींनी लाल पेन्सिलीने पंधराव्या परिच्छेदावर तिरकी रेघ ओढली आणि निकालाचा मसुदा दिनकरसमोर सरकवला.

“ये सरकार का काम है, दिनकर जी. अदालत को अपनी हद में रहना चाहिए.”

चौदावा परिच्छेद तसाच होता. धूर ओकणारे कारखाने तीन महिन्यांत दिल्लीबाहेर न्यावेत, नाही तर टाळं. खरं तर तेही सरकारचंच काम, पण सरकारने ते वर्षानुवर्षं केलं नव्हतं, म्हणून तिथे हद्द आड आली नाही. ती नेमकी मजुरांपाशी आली. कारखाना नव्या जागी सुरू होईपर्यंत त्यांना पगारावर ठेवावं, एवढंच पंधराव्यात होतं.

दिनकर एकोणीस वर्षं कोर्टात स्टेनो होता. चेंबरमधलं अवाक्षर त्याने कधी घरी नेलं नव्हतं. कुमुद नवऱ्याला कुलूपच म्हणायची. गेल्या रविवारी मात्र ते कुलूप उघडलं.

थोरला भाऊ खंडेराव त्यांच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर आला होता. दिल्लीतल्याच एका रंगाच्या कारखान्यात तो बावीस वर्षं फिटर. खिशात पुण्याहून आलेलं नोकरीचं पत्र होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

“दिनू, जाऊ का रे? आमची चेतना बारावीला आहे. गाझियाबादला आत्ता कुठे दोन खोल्या झाल्यात. पण इथलं बंद पडलं तर?”

दिनकरने कोरडी बशी उगाच पुसली. पंधरावा परिच्छेद त्याने शुक्रवारीच टाइप केला होता.

“घाई करू नकोस, दादा. मजुरांना वाऱ्यावर सोडणार नाहीत.”

“पक्कं?”

“बिल्कुल.”

खंडेरावने सोमवारी पुण्याला नकार कळवला.

आता मसुदा हातात धरून दिनकर तसाच उभा राहिला.

“कुछ कहना है?” न्यायमूर्तींनी विचारलं. माणूस वाईट नव्हता.

“सर... आगे का नंबर बदल जाएगा.”

“हाँ, देख लीजिए.”

टाइपरायटर होता तेव्हा अख्खं पान नव्याने काढावं लागे. नव्या कॉम्प्युटरवर परिच्छेद क्षणात गेला, मागे खूणही उरली नाही. दिनकरला स्वतःची किळस आली. तरी त्याने सगळे क्रमांक दोनदा तपासले.

निकालानंतर आठवड्याने खंडेराव आला. तोवर वर्तमानपत्रांनी न्यायालयाला डोक्यावर घेतलं होतं. त्याच्या हातात निकालाची झेरॉक्स होती, कोपरे दुमडलेली.

“युनियनचा वकील म्हणतो, यात आपलं काहीच नाही. मी म्हटलं, तुम्ही नीट वाचलं नसेल, माझा भाऊ तिथेच असतो.” त्याने खिशातलं पेन काढून दिनकरच्या हातात दिलं. “तू नुसती खूण कर. मी त्याला दाखवतो.”

दिनकर पानं उलटत राहिला. कुमुदने ठेवलेल्या चहावर साय धरली.

“चौदा म्हणजे आपलं टाळं, ते कळलं मला,” खंडेराव म्हणाला. “पंधरात काय आहे?”

“रिकाम्या झालेल्या जागेवर सरकारने झाडं लावावीत.”

“बरं. पुढे?”

“पुढे सही आहे, दादा.”

खंडेरावने थोडा वेळ त्या सहीकडे पाहिलं.

“मग मागच्या बाजूला असेल बघ,” तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच कागद उलटा केला.