बावचीच्या नावावर

उमरीची लुंबिनी नांदेडच्या एका कॉलेजात बावची या औषधी झुडपाच्या बियांवर पीएचडी करत होती. बियांचा अर्क जंतू मारतो का, एवढंच तिला तपासायचं होतं. तिचे गाईड वैजनाथ सर यांनी निकाल आधीच पेपरात छापून आणला होता: 'मराठवाड्याच्या मातीतून नवं अँटिबायोटिक'. फोटोत सर सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बसलेले. त्याचा दिवा बंद होता.

लुंबिनीनं जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते. सर खूश. पण अर्क स्पिरिटात काढलेला, म्हणून तिनं शेजारी नुसत्या स्पिरिटची चकतीही ठेवली होती. तिच्याभोवतीही तसंच कडं.

"सर, हे स्पिरिटचं काम हाय. बावचीनं काय केलं ते कळतच न्हाई."

"मग बशीच्या फोटोतून ती चकती काप."

"स्पिरिट उडेपर्यंत चकत्या नीट वाळवून पुन्हा करते की."

"पुन्हा? लातूरची परिषद तोंडावर आलीय. तुझं बरंय, तुम्हा लोकांना सरकारी फेलोशिप. आमच्या अब्रूचं काय?"

'तुम्हा लोकांना' हे तिला नवं नव्हतं. राग गिळून ती बाहेर पडली. फोटो कापला नाही.

लातूरला तिनं पडद्यावर अख्खी बशी दाखवली. अध्यक्ष होते उदगीरचे निवृत्त प्राध्यापक गुरुपादप्पा. त्यांनी विचारलं, "बाई, ही दुसरी चकती कशाची?"

"नुसत्या स्पिरिटची, सर. कडी दोन्हीकडं सारखीच. बावचीचा गुण अजून सिद्ध झालेला न्हाई."

वैजनाथ सर ताडकन उठले. "हीच आमची पारदर्शकता! ती चकती मीच ठेवायला लावली!"

टाळ्या पडल्या. सरांचा ठरलेला सत्कारही झाला. शाल घालताना गुरुपादप्पा हळूच म्हणाले, "शाल ठेवा. ते अँटिबायोटिक तेवढं मागं घ्या." माईक चालूच होता. हशा मागच्या रांगेपासून सुरू झाला.

परत आल्यावर लुंबिनीनं चकत्या वाळवून प्रयोग लावला. आता स्पिरिटच्या चकतीभोवती काहीच नव्हतं. बावचीभोवती मात्र बारीकसं कडं. ती बशी उजेडाकडं धरून बघतच राहिली.

सर डोकावले. "एवढंसंच?"

"हाव सर. पण हे बावचीचं हाय."

लुंबिनी दुसऱ्या जातीच्या जंतूंसाठी नवी बशी तयार करायला लागली.