खांबावरचा पत्रा

आम्रपालीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खांबावरचं खालचं यंत्र बंद केलं. सिग्नल किती स्वच्छ येतोय ते सांगणारा पडद्यावरचा आकडा बघता बघता वर चढला. यंत्र पुन्हा चालू करताच तो कोसळला. तीन वेळा तसंच करून बघितल्यावर ती कातळावर जरा मागे रेलली आणि हसली.

"काय गो, सापडलं?" काशीरामने विचारलं. सड्याच्या, म्हणजे वाडीवरच्या कातळपठाराच्या टोकाला, त्याच्याच काजूच्या बागेत वाडीच्या इंटरनेटचा हा खांब उभा होता.

"तुमच्या काजूंचा काही दोष नाही, काका. वरचं यंत्र रत्नागिरीच्या टॉवरचं ऐकतं, खालचं ते वाडीला सांगतं. खालचं बोलायला लागलं की वरच्याच्या कानावर त्याचाच गोंगाट. मग टॉवरचं कुठून ऐकू येणार?"

दोन महिन्यांत ऑफिसने वरचं यंत्र दोनदा बदललं होतं. खारा वारा, झाडं, सगळ्यांना बोल लावून झाले. शेवटी तिथल्या महेंद्र सरांनी कंटाळून आम्रपालीला पाठवलं होतं, तेही खांब उतरवून आणायला. तिने त्यांच्याकडून दुपारपर्यंतची वेळ मागून घेतली होती.

काशीरामची नात सानवी आठ वर्षांची होती. तिला जेमतेम ऐकू यायचं. पुण्याच्या एक बाई तिला मोबाइलवरून, ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकवत. चित्र अडकलं की ओठ अडकायचे आणि पोरगी रडवेली व्हायची. तिच्या आईने, रेणुकाने जूनपासून तिला घेऊन मुंबईला, नवऱ्याच्या खोलीवर जायचं ठरवून टाकलं होतं; तिथे निदान इंटरनेट तरी अडकणार नव्हतं. काशीराम त्यावर हो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता.

आम्रपालीने दोन्ही यंत्रांचे चॅनल, म्हणजे ती ज्या लहरींवर बोलतात ते पट्टे, एकमेकांपासून लांब नेले. निम्मा गोंगाट गेला, निम्मा राहिला.

"काका, घरात तेलाचा रिकामा डबा आहे?"

काशीरामने दोन आणले. तिने कात्रीने कापून ते उलगडले, हात चिरू नये म्हणून कडा दुमडल्या. मग शिडी चढून खालचं यंत्र आणखी हातभर खाली घेतलं आणि त्याच्या पाठीमागे पत्र्याचा आडोसा वाकवून आवळला. अर्थिंगची तार जोडली. काशीराम दोन्ही हातांनी शिडी धरून वर बघत होता.

खाली उतरून तिने दोन्ही यंत्रं चालू केली. आकडा चढला आणि वरच राहिला. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग फोन लावला.

"सर, खांब उतरवत नाही. लाइन चालू झाली."

"काय बदललंस?"

"मध्ये पत्रा लावला. तेलाच्या डब्याचा."



"फोटो पाठव," महेंद्र सर म्हणाले. "आणि उद्या भाट्याला जा. तिथेही हीच तक्रार आहे. पत्रा इथून देतो."

साडेदहाचा तास सुरू झाला तेव्हा आम्रपाली काशीरामच्या पडवीत चहा घेत होती. कप हातातच राहिला. बाई सरळ, नेहमीच्या वेगाने बोलत होत्या आणि सानवी उत्तरं देत होती. एकदा तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.

"आज मला एकही वाक्य दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही," तास संपताना बाई म्हणाल्या. "रेणुकाताई, मुंबईला पोचलात वाटतं?"

"नाही बाई. घरीच आहोत."

काशीराम दारात उभा होता. अंगणाकडे बघत तो मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. सानवीने जाऊन त्याचा सदरा ओढला.

"आजोबा, इकडे बघून बोला."

उच्चार जाड होते, पण शब्द न शब्द कळत होता. काशीराम वळला. उंबऱ्यावर बसला, तसा त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. त्याने मिशी दोन्ही बाजूंना सारली आणि सावकाश म्हणाला,

"म्हटलं, आता मुंबयला नाय ना जायाचं?"

सानवीने आईकडे पाहिलं. रेणुकाने हळूच नकारार्थी मान हलवली.

"नाय," सानवी म्हणाली, अगदी त्याच्याच हेलात.