वाडीतलं रेकॉर्डिंग

नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे आम्ही भाड्यानं राहतो. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून यांनी रेकॉर्डिंगची सोय केली, तरी हॉर्न आत येतोच. ट्रक आला की हे हात वर करून थांबायचे, तो गेला की पुन्हा सुरू.

मुंबईत यांची उमेदीची सारी वर्षं वाजवण्यातच गेली. रात्री हॉटेलात जॅझ गिटार, दिवसा सिनेमाचं संगीत. सिनेमा भुताचा असो, हसण्याचा असो की देवाधर्माचा, ज्याला जसं हवं तसं हे द्यायचे. मग कामं थांबली आणि आम्ही नागपूरला परतलो. किती वर्षांनी पियुषनं सिनेमा दिला. तो इथल्याच कोराडीचा, दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच.

श्रावणातल्या सोमवारी माझं सांजवातीपर्यंत मौन असतं. अशाच एका सोमवारी चहा घेऊन आत गेले. हे डोळे मिटून वाजवत होते, पियुषच्या कानावर हेडफोन. बाहेर ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. यांचा हात वर गेला नाही. दुसरा ट्रक आला. हे वाजवतच राहिले.

पियुषनं हेडफोन उतरवला. "काकू, काकाले ऐकू येत नाही का?"

हे शेजारीच होते. डोळे उघडले नाहीत.

"सकाळपासून दोन तारा उतरल्या आहेत, बेसूर वाजून राहिल्या. मले वाटलं, जॅझ आहे, असंच असंल," तो म्हणाला. "गिटार दुसऱ्याकडून वाजवून घेतो. नाव काकाचंच ठेवीन. तुम्ही सांगा ना. माझ्यानं नाही होणार."

कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं. इतकं, ते नव्हतं. मौनाआड गप्प राहता आलं असतं. पण मग हे असेच वाजवत बसले असते. मनात महादेवाची क्षमा मागितली, यांच्या खांद्याला हात लावला, समोर बसले.

"तुमाले ऐकू येऊन नाही राहिलं," मी सावकाश म्हणाले. "दोन ट्रक गेले. गिटार तो दुसऱ्याकडून वाजवून घेते म्हणते. नाव तुमचंच ठेवते."

हे माझ्या ओठांकडे बघत होते. "आज सोमवार ना? मौन काहून मोडलं?"

"मोडलं."

गिटार मांडीवरच होती. "मी समजून राहिलो होतो, गाड्या कमी झाल्या."

मग पियुषकडे वळून म्हणाले, "वाजवणाऱ्याच्या जागी माझं नाव नको टाकू गा. जो वाजवंल त्याचं टाक. चाल माझी आहे, तेवढं लिही."

पियुष काहीतरी बोलला. तो काय म्हणाला ते मी सांगावं म्हणून हे माझ्या तोंडाकडे पाहू लागले.