चंद्रावरचं बिस्कीट

रविवारी चर्च सुटलं आणि अख्खं गाव सभागृहाच्या अंगणात लोटलं. भरदुपारी आभाळात फिकट चंद्र होता. त्याच्याकडे तोंड करून, गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या रोमबाउटची कढईएवढी रेडिओची तबकडी उभी होती आणि स्पीकरमधून खरखर येत होती.

"शांत बसा मंडळी!" रोमबाउटनं हात वर केले. "चंद्राच्या लहरी नाजूक असतात. गेलेला माणूस लाजाळू असतो. ज्याला शंका असेल त्यानं मागं बसावं!"

आउके मागंच बसला होता, पण गुडघ्यांपायी. सगळा जन्म गावाचे केस कापण्यात गेला होता. आता कुणाशी वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तो आला होता हिल्केसाठी. तिचा नवरा स्यूर्ड आणि आउके जिवलग. दोघांना एकच नाद. लोक रेडिओवरून चंद्राला हाक मारतात, ती तिथं आपटून खाली येते, ती ऐकायची. स्यूर्ड गेल्या पानगळीत वारला.

हिल्के पहिल्या रांगेत होती. "स्यूर्ड, आहेस का रे?"

"आहे गं, हिल्के!" स्पीकर लगेच बोलला. लोकांच्या अंगावर काटा आला. "हृदयाच्या गोळ्या सोडल्यास ना? रोमबाउट देतो ते चांदणपाणीच पी."

"सोडल्या रे."

तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते. आउकेनं किती वेळा विनवलं, "अगं, डॉक्टरचं ऐक." ती म्हणायची, "डॉक्टरनं स्यूर्डला वाचवलं का?"

पण आज आउकेचे कान टवकारले. चंद्रापर्यंत जाऊन यायला हाकेला अडीच सेकंद लागतात. तेवढा वेळ स्यूर्ड बोट वर करून श्वास रोखायचा. आणि मेल्यावर हा असा शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा?

आउके कण्हत उठला. "स्यूर्ड, कसा आहेस?"

"मजेत!"

"चंद्र इतका जवळ कधी आला रे?"

कुणीतरी खुदकन हसलं. रोमबाउट गरजला, "आत्म्याला अंतर नसतं!"

"मग तबकडी कशाला? कपडे वाळत घालायला?"

आउकेनं तबकडी धरली आणि सरळ गाईंच्या गोठ्याकडे फिरवली. "स्यूर्ड, ऐकू येतंय?"

"येतंय की! चंद्रावर फार शांत आहे..." आणि पाठोपाठ कुरुम कुरुम.

फोक्ये म्हातारी ताडकन उठली. गावात कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं, मग डबा बंद. तो डबा तिच्या ताब्यात. "थांबा! माझा डबा कुठाय?"

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आत रोमबाउटचा मेव्हणा. हातात माईक, मांडीवर डबा.

"बाहेर ये, मुडद्या!" फोक्ये ओरडली. "मेलास तरी भूक जात नाही होय?"

अंगण हसून लोळलं. हसून झाल्यावर एकजण म्हणाला, "आजचं खोटं असेल, पण मागच्या रविवारचं खरं होतं."

हिल्के मात्र जागची हलली नव्हती. "झालं समाधान?" तिनं आउकेला विचारलं.

"नाही गं."

"मला माहीत होतं, तो असं बोलायचा नाही. पण कुणीतरी 'हिल्के' म्हणत होतं ना."

आउके तिला बांधाजवळ, तो आणि स्यूर्ड जिथं बसायचे त्या रेडिओ मंडळाच्या मोठ्या तबकडीकडे घेऊन गेला. माईक तिच्या हातात दिला. "मार हाक."

"स्यूर्ड!"

आउकेनं बोट वर केलं. हिल्केनंही श्वास रोखला. संसारभर तिनं स्यूर्डचं असंच वर केलेलं बोट पाहिलं होतं. मग खरखरीतून कापरी, तारेसारखी बारीक हाक परत आली: "स्यूर्ड!"

"हा तर माझाच आवाज."

"तुझाच. आपण पाठवतो तेवढंच तिथून येतं, हिल्के. आम्ही दोघांनी जन्मभर ऐकलं. दुसरं काही कधी आलं नाही."

तिनं चंद्राकडे पाहिलं. "म्हणजे माझी हाक तिथवर पोचते तरी."

"पोचते की. आता चल, गाडीत बस. डॉक्टरकडे जाऊ."

ती गाडीकडे निघाली.

तर बाबांनो, दुःखात माणूस कुणाचंही ऐकतो. त्यात लाज नाही. पण मेलेल्याचा आवाज ऐकवणारा कुणी दारात आला, तर आधी त्याची तबकडी गोठ्याकडे फिरवून बघा. आणि तो आवाज औषध सोड म्हणाला, तर स्वयंपाकघरात जाऊन बघा, कोण बिस्किटं खातंय.