वळणावरचा क्रूस

माझी मामेबहीण झुनिल्डा सकाळी माणसं मारते आणि दुपारी त्यांच्यासाठी शिवायला बसते. बाजारात कुणी तिची चौकशी केली की मी असंच सांगायचे आणि लोक हसायचे. आता नाही सांगत.

ती रहस्यकादंबऱ्या लिहिते. त्या राजधानीत, आसुन्सियोनला छापल्या जातात, बसच्या अड्ड्यावर विकल्या जातात आणि इथं आमच्या गावात, इताउगुआत, आमच्या गल्लीत फुकट वाचल्या जातात. शेजारणी प्रत मागून नेतात आणि वर खुनी कोण ते मलाच ओळखायला लावतात. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, एकाच घरात राहतो. सकाळी ती ओसरीवर टाइप करते, मी स्वयंपाक बघते. जेवणं झाली की उन्हानं सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपतं, तेव्हा आम्ही मागच्या पडवीत न्यांदुती घेऊन बसतो. हे आमच्या गावचं काम. कापड चौकटीत ताणायचं, त्यावर दोऱ्याची चक्रं भरायची, खळ द्यायची आणि शेवटी खालचं कापड कापून टाकायचं. मागे नुसती जाळी राहते.

आमच्याकडे रस्त्यात कुणाला अपघाती मरण आलं किंवा कुणाचा खून झाला, की त्या जागी क्रूस रोवतात. क्रूसाच्या दोन्ही हातांवर एक पांढरं कापड टाकतात आणि ते त्या घरच्या बायकांनीच शिवायचं असतं. झुनीचं म्हणणं असं, की पुस्तकातल्या माणसाला मी मारलं, तर त्याच्या घरची बाई मीच. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या मेलेल्या माणसासाठी ती एक कापड करते. मग रविवारी आम्ही तेरेरे या गार पाल्याच्या चहाचा थर्मास आणि चिपा म्हणजे चीजचे पाव घेऊन आमच्या खटारा गाडीतून हिंडायचं, ज्याला कुणी वाली उरला नाही असा एखादा जुना क्रूस शोधायचा आणि त्यावर ते घालून यायचं. एका कापडात दोघांचं भागतं म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

मागच्या पुस्तकाला मात्र तिचं डोकं फिरलं. त्यात ट्रकवरचा एक क्लीनर मरतो, मिसरूड फुटलेला पोरगा. ओढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर त्याचा क्रूस असतो. झुनीला तो डोळ्यांनी बघायचा होता. दव पडल्यावर कापड कसं लोंबतं, उजेड कुठून येतो, कोण थांबतं, कोण नुसतंच पुढे जातं. तिनं कांदिदो सुताराकडून कोरा क्रूस करून घेतला, बिननावाचा.

"अगं झुने, कुणी मेल्याशिवाय क्रूस उभा करतात का? कुणासाठी हा?"

"पुस्तकासाठी."

"पुस्तकाला काय ट्रकनं उडवलं?"

ती हसली, आणि तिनं उभा केलाच. आमच्या ओढ्याच्या वाटेवरचं वळण, पेरूच्या झाडाखालची जागा, तिच्या हातचं नवंकोरं कापड. मला ते बघून बरं वाटलं नाही, पण ती कुणाचं ऐकतेय.

पुस्तक छापून आलं आणि दुपारच्या थापा सुरू झाल्या. सगळीकडे सामसूम, कुत्रंसुद्धा भुंकत नाही, आणि आमच्या पत्र्याच्या फाटकावर तळहाताच्या दोन थापा. थप, थप. मी उठून जायचे. रस्ता मोकळा, नुसतं ऊन. परत येऊन बसले की झुनी विचारायची, "कोण होतं?" आणि मी म्हणायचे, "वारा." वारा नसायचा. तिनं सांगितलं, की पुस्तकातला तो पोरगा ट्रक निघताना फळीवर अशाच दोन थापा मारतो. मी तिला झापलं, म्हटलं, तुझं पुस्तक तुझ्याच कानात वाजतंय. पण मी तर ते पुस्तक तोवर वाचलंही नव्हतं आणि थापा मलाही ऐकू येत होत्या. मला भीती वाटायला लागली. दुपारी माझी सुई चक्र चुकायची.

इकडे वळणावर लोक थांबायला लागले होते. आमच्या गावात क्रूस दिसला की हा कुणाचा असं कुणी विचारत नाही. आधी मेणबत्तीचे ओघळ दिसले, मग दगड, मग प्लॅस्टिकची फुलं. मे महिन्याच्या तीन तारखेला, क्रूसाच्या सणाला, कुणी तरी चिप्यांच्या माळाही घालून गेलं. झुनी म्हणाली, उपटून टाकू. मी म्हटलं, आता त्याच्यापुढे लोकांनी हात जोडलेत, आता तू कोण उपटणारी.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर झुनीचं कापड तिथं नव्हतं. दुसरंच होतं. चक्रं वेडीवाकडी, टाके सैल, हात थरथरणाऱ्या माणसाचं काम. मधोमध निळ्या दोऱ्यानं नाव भरलेलं होतं, देर्लिस.

झुनी गाडीला टेकून खालीच बसली.

देर्लिस कोण हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. चॅपेलमागच्या गल्लीतल्या दोन्या लिब्राडाचा, म्हणजे म्हाताऱ्या लिब्राडाबाईचा, एकुलता एक मुलगा. काही वर्षांमागे एका सकाळी मोटरसायकलवरून कामाला म्हणून गेला, तो गेलाच. पोरगा नाही, मोटरसायकल नाही, चपलेचा तुकडा नाही. पोलीस झाले, रेडिओ झाला, पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या बायका झाल्या. मढं मिळालं नाही म्हणून नऊ दिवसांच्या प्रार्थना नाहीत, क्रूसही नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी दोन्या लिब्राडा आमच्या फाटकाशी उभी. त्या दिवशी थापा नव्हत्या, तिनं साधी हाक मारली. आत येऊन बसली, पाणी प्यायली, चौकटीवरचं झुनीचं काम बोटानं चाचपलं.

"छान आहे. माझी नजर गेली आता," ती म्हणाली. "कांदिदो म्हणाला, क्रूस तू करून घेतलास. मी भांडायला नाही आले, पोरी. उपकार झाले तुझे. तू नाव का घातलं नाहीस ते मला कळतं. ज्यांनी केलं ते इथंच कुठेतरी असतील. तुला पुस्तकासाठी लोक नाही नाही ते सांगत असणार. मला कुणाची नावं नकोत. एवढंच सांग, तो तिथंच होता? की होता दुसरीकडे आणि तू जागा बदललीस?"

मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "देर्लिसला बघून किती दिवस झाले, मावशी, आता चेहराही नीट आठवत नाही."

"चेहरा राहू दे. दारात आला की आधी आवाज यायचा मेल्याचा," म्हातारी म्हणाली, आणि तिनं तळहातानं टेबलावर दोन थापा मारल्या.

झुनीनं माझ्याकडे बघितलं. आमच्या फाटकावर काय वाजतं ते आम्ही तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. ती म्हणेल, मी आई त्याची, मग तो तुमच्याकडे का येतो. त्यावर मी काय उत्तर देऊ?

"एक बरं झालं," निघताना ती म्हणाली. "आता मला झोप लागते. पाद्रींशी बोलले आहे, प्रार्थना घालून घेते त्याच्या."

ती गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"गप्प बसायचं," मी म्हटलं. "म्हातारीला इतक्या वर्षांनी झोप लागतेय. तुझं खरं घेऊन ती काय चाटणार आहे?"

"आणि देर्लिस जिवंत असला तर? कुठे पलीकडे आर्जेंटिनात असला तर? मी एका पुस्तकापायी तिचा जिवंत पोरगा पुरला, निमिया."

"जिवंत असता तर आला असता."

"हे तू तिला सांगशील, तोंडावर?"

झुनी डोकं धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, "बर्फ घेऊन यायचा तो आपल्याकडे. लहान होता. आठवतं? फाटकावर दोन थापा मारायचा आणि बर्फाची लादी उन्हात ठेवून पळायचा. मला वाटत होतं, ती लकब मी रचली. तो माझ्या पुस्तकात शिरला आणि मी त्याला ओळखलं नाही गं. ओळखलं नाही आणि मारून टाकलं."

बर्फ मलाही आठवला होता.

रविवारी आम्ही म्हातारीला गाडीत घालून वळणावर नेलं. ती नटून आली होती, इस्त्रीचा झगा, केसांना तेल, हातात शिवणाची पिशवी. वाटेत तेरेरे प्यायली, माझ्या चिप्याला नावं ठेवली, चीज कमी पडलंय म्हणाली. मला वाटलं, झुनी आता कच खाईल. मनातून मला तेच हवं होतं.

तिनं कच खाल्ली नाही. पेरूच्या झाडाखाली उभी राहून तिनं सगळं सांगितलं. इथं कुणी नाही, क्रूस कोरा आहे, मी रचलेल्या एका पोरासाठी उभा केला, मला कुणी काहीही सांगितलेलं नाही.

दोन्या लिब्राडानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला तो सापडलेला नाही."

"नाही."

"मेला असंही कुणी म्हणालं नाही."

"नाही."

शिव्या घालेल, थोबाडीत मारेल असं मला वाटलं होतं. मारली असती तर बरं झालं असतं, झुनीला आणि मलाही. तिनं पुढे होऊन क्रूसावरून कापड उतरवलं, दगडावर बसली, पिशवीतून छोटी कात्री काढली आणि निळं नाव उसवायला लागली. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटानं टाका शोधायची आणि कापायची. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. बराच वेळ लागला. आम्ही दोघी शाळेत शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होतो.

"तुझा तो पुस्तकातला," मान वर न करता तिनं विचारलं, "त्याला आई आहे?"

"नाही. लिहिलीच नाही मी."

"मारलास तो मारलास, पोरी. वर आईवाचून ठेवलास?"

झुनी रडायला लागली. एवढी माणसं मारली तिनं, पण मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हातारीनं उठून ते बिननावाचं कापड पुन्हा क्रूसावर घातलं, दोन्ही टोकं सारखी केली, तळहातानं सुरकुती काढली. "राहू दे त्याला," म्हणाली.

परतीच्या वाटेवर तेरेरे फिरवायचंही राहून गेलं. चौकाजवळ आल्यावर ती एकाएकी पुढे सरकली आणि झुनीच्या खांद्यावर तिनं हात ठेवला.

"जरा हाक गं गाडी. दाराला कडी घालून आलेय मी."

देर्लिस गेल्यापासून त्या दाराला कधी कडी नव्हती. चोर शिरतील म्हणून अख्खी गल्ली तिला ओरडायची, पण पोरगा कधीही येईल म्हणून तिनं दिवसा-रात्री एकदाही घातली नव्हती. झुनीनं गाडी हाणली. म्हातारी मूठ गाडीच्या दाराच्या दांड्यावर ठेवून बसली होती, आणि गाडी थांबायच्या आतच तिनं आपल्या बाजूचं दार उघडलं.