धारूरकरीण

तेलगावात शिवकन्येला स्वतःचं नाव उरलं नव्हतं. माहेर धारूरचं, म्हणून सासरी पहिल्या दिवसापासून ती धारूरकरीण. सासू तशीच हाक मारी, जावाही तशीच. अठरा वर्षं झाली. एकुलता भाऊ प्लेगात गेला, तेव्हापासून तिला न्यायला कुणी मुराळी आला नाही, आणि मुराळ्यावाचून बाईनं माहेरी जायचं कसं? धारूरात एकदा कुणी "शिवकन्ये" म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता. जगावेगळं काही मागत नव्हती बिचारी.

त्या वर्षी निजाम सरकारच्या दवाखान्यातली नॉर्टन मडम देवीची लस टोचायला आली. पुण्यात शिकलेलं तिचं मराठी अगदी पुस्तकी. दंड पुढे करत शिवकन्येनं विचारलं, "नॉर्टन म्हंजी काय वो?"

"उत्तरेकडचं गाव. कुणी पूर्वज तिथून निघाला, दुसऱ्या गावात राहिला. तिथल्या लोकांनी त्याला ते नाव दिलं."

"मंग तुमी जाता का तितं?"

"कुठे जाणार? इंग्लंडात नॉर्टन नावाची कितीतरी गावं आहेत. आमचं कोणतं, हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं."

शिवकन्येला भडभडून आलं. आपलं गाव निदान बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर होतं. "माजं म्हाईत हाय," ती म्हणाली, "पर न्यायला कुणी न्हाई."

मडमला दुसऱ्या दिवशी धारूरलाच जायचं होतं. ती सरळ सासूपुढे उभी राहिली. "हिला माहेरी न्यायला मी आले आहे." असला गोरा मुराळी सासूच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. ती घाईनं सुनेचं गाठोडं बांधायला लागली.

घाट चढताना किल्ल्याचा बुरूज दिसला आणि शिवकन्येला रडू फुटलं. माहेरच्या गल्लीत शेजारची म्हातारी मंजुळाबाई दारातच बसली होती. लहानपणी हिनंच तिला न्हाऊमाखू घातलेलं. कपाळावर हात धरून म्हातारीनं निरखून पाहिलं आणि घराकडे तोंड करून ओरडली, "अगं ये, तेलगावची आली बग!"

"मावशे, मी शिवकन्या."

तेलगावला दिलेली पोर म्हातारीला आठवत होती. नाव मात्र कधीच पुसून गेलं होतं.

"कोन्ती शिवकन्या, माय?"

शिवकन्या तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि वडलांच्या नावापासून सांगू लागली.